कोरियन कलेचा लेख घेतलास ना, मग ऐक

पोरी, मराठी विकिपीडियावरचा कोरियन कलेचा लेख तू वाढवायला घेतलास, हे फार चांगलं केलंस. असले लेख एकट्यादुकट्याने होत नाहीत. आज तू लिहिशील, उद्या नाशिकचं कुणीतरी त्यात भर घालील आणि सहा महिन्यांनी सोलमध्ये शिकणारा एखादा मराठी मुलगा येऊन अर्धं दुरुस्त करील. त्या पुढच्या माणसाला तुझं काम उलगडून पाहता आलं पाहिजे. मी सांगतोय ते सगळं त्यासाठीच.

आधी मथळा नीट वाच. ‘कोरियन कला’ म्हणजे दक्षिण कोरियाची कला नव्हे. गोगुर्यो राज्यातली भित्तिचित्रांची थडगी आज उत्तर कोरियात आणि चीनच्या हद्दीत आहेत. त्यातलं आनाकचं तिसऱ्या क्रमांकाचं थडगं तर इ.स. ३५७चं. दोन्ही देशांतली ही थडगी युनेस्कोच्या यादीत २००४ साली गेली. गोर्यो घराण्याची राजधानी केसॉन्गही आज उत्तरेतच आहे. म्हणून सांगाडा कालखंडांचा ठेव, आजच्या सरहद्दींचा नको: तीन राज्ये, एकसंध सिल्ला, गोर्यो (९१८ ते १३९२), जोसन, १९१० ते १९४५चा जपानी अंमल आणि मग फाळणीनंतरचे दोन देश. शेवटच्या भागात उत्तरेकडच्या सरकारी चित्रशाळेला, १९५९ साली निघालेल्या मान्सुदे आर्ट स्टुडिओला, दोन ओळी तरी मिळायलाच हव्यात. हा सांगाडा आधी चर्चापानावर टाक, खाली सही कर आणि चार दिवस थांब. लेखाचा इतिहास उघडून आधी कुणी कुणी हात लावलाय ते बघ आणि त्यांच्या सदस्य चर्चापानावर निरोप ठेव. न विचारता कुणाचा परिच्छेद हलवला की माणूस दुखावतो आणि मग परत फिरकत नाही. मराठीत लिहिणारे हात आधीच थोडे आहेत, त्यातला एकही आपल्यामुळे गळता कामा नये.

नावांचा घोळ पहिल्याच दिवशी मिटव. कोरियन नावं रोमन लिपीत लिहायच्या दोन पद्धती पुस्तकांतून सापडतात, एक १९३७ची आणि दुसरी दक्षिण कोरियाच्या सरकारने २००० साली आणलेली. त्यामुळे जुन्या पुस्तकातलं कोर्यो आणि नव्यातलं गोर्यो ही दोन घराणी आहेत असं नवख्याला वाटतं. इंग्रजी अक्षरं बाजूला ठेव, हंगुल या कोरियन लिपीतला उच्चार कुणा जाणत्याकडून ऐकून घे आणि एकच रूप सगळ्या लेखात चालव. बाकीच्या रूपांची पुनर्निर्देशनं करून ठेव. आडनाव आधी येतं, तेव्हा चित्रकार किम होंग-दो हेच बरोबर. व्हिडिओ कलाकार नाम जून पाइक मात्र जगभर याच क्रमाने ओळखला जातो, त्याला तसाच राहू दे. आणखी एक खड्डा आहे. जोसन काळात राजदरबारासाठी चिनी मातीची भांडी भाजली जात ते ग्वांगजू सोलजवळच्या ग्योंगी प्रांतातलं. १९९५पासून जिथे बिएनाले हे कलाप्रदर्शन भरतं ते ग्वांगजू नैऋत्येला, पार वेगळं शहर. दुवा चुकीच्या पानावर गेला की अख्खा परिच्छेद खोटा पडतो.

आता एक परिच्छेद जवळून बघू. गोर्योच्या हिरवट सेलाडॉन भांड्यांवर लिहायचंय. नवा लेखक लिहितो, ‘गोर्यो सेलाडॉन हे अत्यंत सुंदर व जगप्रसिद्ध आहे.’ या वाक्यातून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी ते भांडं कसं व्हायचं ते सांग. माती अर्धवट सुकली की तिच्यावर बगळे, ढग, शेवंतीची फुलं कोरायची. कोरलेल्या खाचांत पांढरी आणि लालसर माती कालवून भरायची, वर आलेली जादा माती खरवडून काढायची. एकदा भाजून झालं की झिलई चढवायची आणि भट्टीत हवा कमी करून पुन्हा भाजायचं. झिलईत लोहाचा थोडा अंश असतो, कमी हवेत तो राखाडी हिरवी छटा धरतो आणि लालसर मातीची नक्षी काळी होते. या जडावकामाला तिकडे सांगाम म्हणतात. गांगजिन आणि बुआन इथल्या भट्ट्या त्यासाठी नावाजलेल्या. ११२३ साली चीनच्या सोंग दरबारचा वकील शू जिंग गोर्योत आला होता. तिथल्या भांड्यांच्या रंगाची त्याने लेखी नोंद केली आणि ती नोंद आजही अभ्यासक उद्धृत करतात. एवढं लिहिलंस की ‘सुंदर’ म्हणायची गरजच उरत नाही. आणि बघ, या परिच्छेदात निदान तीन संदर्भ लागतात: कृतीला एक, भट्ट्यांना एक, शू जिंगला एक. सगळ्यांचा मिळून एकच आकडा परिच्छेदाच्या शेवटी चिकटवू नकोस. उद्या कुणी मध्ये एक वाक्य घुसवलं की कुठलं विधान कुठल्या पुस्तकातलं हे तुलाही सांगता येणार नाही.

कोरियन मालिका बघून लेखाकडे येणारी मुलंमुली भेटतील. त्यांना हाकलू नकोस, त्यांच्या उत्साहावरच असे लेख तगतात. पण शिन युन-बोक हा चित्रकार मुळात स्त्री होता असं कुणीतरी लिहिणारच. २००८च्या ‘पेंटर ऑफ द विंड’ मालिकेत त्याला तसं दाखवलंय. या समजाला इतिहासाचा आधार नाही. असा बदल लगेच उलटवण्याआधी चर्चापानावर लिही, ‘मालिकेची माहिती चांगली आहे, ती आपण लोकप्रिय संस्कृती या विभागात घेऊ’, आणि स्वतः तिथे हलव. शिन युन-बोकचा जन्म १७५८चा, मृत्यूचं साल पक्कं माहीत नाही, तर तसंच लिहायचं. माहितीचौकटीतला रकाना रिकामा दिसतो म्हणून कुठलं तरी साल भरायचं नाही. किम होंग-दोच्या बाबतीतही ‘१८०६च्या सुमारास’ यापुढे जाऊ नकोस.

मतं आणि माहिती यांची सरमिसळ फार होते. कोरियन कलेत एक खिन्न सौंदर्य आहे, असं वाक्य तुला इंग्रजी पुस्तकांत पुन्हा पुन्हा भेटेल. ते मत जपानी विचारवंत यानागी सोएत्सु यांचं. जोसनच्या साध्या भांड्यांवर त्यांचा मनापासून जीव होता, १९२४ साली त्यांनी सोलच्या राजवाड्यात लोककलेचं संग्रहालयही उघडलं. पण कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि या खिन्नतेच्या कल्पनेत वसाहतवादी नजर आहे, असा आक्षेप पुढे कोरियन अभ्यासकांनी घेतला. लेखात दोन्ही बाजू यायला हव्यात, ज्याचं मत त्याच्या नावावर. विश्वकोशाने स्वतःच्या तोंडून ‘खिन्न’ म्हणायचं नाही. १५९२ ते १५९८च्या युद्धात जपानने नेलेल्या कुंभारांबद्दल लिहितानाही हेच पथ्य. घडलं ते स्पष्ट लिही, विशेषणं गाळ.

इंग्रजी लेखाचं यंत्राकडून भाषांतर करून ओतायचा मोह होईल. ते करू नकोस. एखादा विभाग खरंच भाषांतरित केलास तर बदलाच्या सारांशात मूळ लेखाचं नाव आणि दुवा दे, परवान्याची तशी अटच आहे. शिवाय इंग्रजीतली माहितीही शिळी असू शकते. दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय ठेव्यांना पूर्वी क्रमांक असत. लोक ते गुणवत्तेचे समजायला लागले म्हणून २०२१च्या नोव्हेंबरात ते अधिकृतरीत्या काढून टाकले. त्यातली चिंतनमग्न बोधिसत्त्वाची एक मूर्ती ‘क्रमांक ८३’ म्हणून अजून जागोजाग सापडते. आपण ‘पूर्वीचा क्रमांक’ असं लिहायचं, म्हणजे जुनी पुस्तकं चाळणाऱ्यालाही ओळख पटते.

चित्रांचं मात्र फार जपून. जोंग सन या चित्रकाराचं १७५१चं इन्वांग डोंगराचं चित्र जुनं आणि सपाट, त्याचा सरळ काढलेला फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चालतो. पण भांडं किंवा मूर्ती कितीही जुनी असली तरी फोटोवर फोटो काढणाऱ्याचा हक्क असतो. म्हणून संग्रहालयांनी स्वतः खुले केलेले फोटो शोध. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली असे लाखो फोटो खुले केले, त्यात गोर्योची सेलाडॉन भांडीही सापडतील. नाम जून पाइक २००६ साली गेला, त्याचं काम अजून प्रताधिकारात आहे. ग्वाचॉनच्या संग्रहालयातला त्याचा १००३ दूरचित्रवाणी संचांचा मनोरा शब्दांतच उभा कर. आणि चित्राखालची ओळ मोघम ठेवू नकोस: काय आहे, केव्हाचं आहे, आज कुठे आहे. आन ग्योनचं १४४७चं स्वप्नातल्या पीचबागेचं चित्र जपानच्या तेन्री विद्यापीठात आहे, ही गोष्ट वाचकाला त्या ओळीतच कळली पाहिजे.

प्रत्येक बदलाचा सारांश लिही, एका वाक्याचा का होईना. ‘सुधारणा’ हा सारांश नव्हे. ‘सिल्ला विभागात सॉक्कुरामचं बांधकाम ७५१ला सुरू झाल्याचा संदर्भ जोडला’ हा सारांश. मोठा बदल धूळपाटीवर आधी रचून बघ आणि मग विभागाविभागाने आण, म्हणजे एखादा भाग कुणाला पटला नाही तर तेवढाच परत घेता येतो. प्रस्तावनेच्या तीन ओळी सगळ्यात शेवटी लिही, खालचं सगळं ठरल्यावर.

तुझ्या लेखात लाल दुवे बरेच उरतील, ते पुसू नकोस. ते बघूनच पुढचा माणूस लेख निवडतो. तू स्वतः आधी जोसनच्या गोल पांढऱ्या रांजणाचा, दालहांगारीचा लेख घे. दोन अर्धगोल वेगवेगळे चाकावर घडवून मधोमध जोडायचे आणि पोटावरची सांध्याची रेघ तशीच दिसू द्यायची, एवढ्या एका कृतीवरून जोसनच्या भांड्यांबद्दल वाचकाला पुष्कळ कळेल. पहिला मसुदा धूळपाटीवर टाकलास की मला कळव. मी त्याखाली शंका लिहीन, लेखाला थेट हात लावणार नाही.