सगळं कळायला हवं का?

प्रश्न : ‘ज्ञानाचा समग्र विचार केला तर उद्याचे दिवस चांगले येतील’, असं व्याख्यानांतून नेहमी ऐकतो. पण एक विषय नीट येता येता माणसाचं आयुष्य सरतं. मग सगळे विषय कुणाला येणार आणि कसे?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. समग्र विचार म्हणजे सगळं ज्ञान एकाच डोक्यात, असा समज सर्रास आढळतो. तसं कुणालाच जमत नाही आणि जमायची गरजही नाही. एका विषयाने दिलेलं उत्तर दुसऱ्या विषयात कोणता प्रश्न उभा करतं, हे वेळेवर पाहिलं तरी पुष्कळ झालं. पाण्याचंच बघा.

गावातल्या विहिरी आटल्या की अभियंता सांगतो, बंधारा बांधा. सल्ला योग्यच आहे. पण डोंगर उघडाबोडका असेल तर पावसाबरोबर माती वाहून येते आणि बंधारा गाळाने भरतो. माती धरायला गवत आणि झाडं हवीत. ती वाढायची तर मोकाट चराई थांबायला हवी. चराई थांबवायची तर गुरांच्या वैरणीची सोय आधी लावायला हवी.

एवढं करून पाणी मुरलं, तरी आपल्याकडचा काळा पाषाण ते थोडंच साठवतो. पाणी राहतं ते झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. अशा वेळी एकाने खोल बोअर मारून ऊस लावला, की शेजाऱ्याच्या विहिरीला तळ दिसू लागतो. म्हणजे बंधाऱ्यापासून निघालेला प्रश्न चाऱ्यावरून, खडकावरून, उसाच्या पैशावरून थेट शेजारधर्मापर्यंत पोचला.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ही साखळी ओळखली. १९८९ मध्ये पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. पुढे गावाने श्रमदानाने पाणी अडवलंच, पण कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीही पाळली, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं ठरवलं आणि पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. त्याचा पाया साधा आहे : एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलं. त्यातलं वाहून किती गेलं, मुरलं किती, याचा अंदाज घ्यायचा. आधी माणसांचं आणि गुरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं आणि उरेल त्यावर पिकं ठरवायची.

‘पाणी वाढलं की सगळ्यांना मिळतं’ हाही एक गैरसमज. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नव्हे, तर घरातल्या माणसांवर ठरला. भूमिहीनांनाही हक्क मिळाला; ऊस मात्र वर्ज्य होता. न्याय हाही पाण्याच्या ज्ञानाचा भाग आहे, हे त्यातून कळलं.

या गावांत सर्वज्ञ कुणी नव्हतं. प्रत्येकाला थोडं ठाऊक होतं आणि ते सर्वांसमोर मांडायला जागा होती. तेव्हा तुमच्या ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या सभेत नव्या बोअरचा ठराव आला, तर हात वर करण्यापूर्वी विचारा : हे पाणी कुणाच्या विहिरीतून कमी होणार, आणि पाऊस कमी झाला त्या वर्षी काय? उत्तराचे तुकडे विहीर खणणाऱ्याकडे, गुरं राखणाऱ्याकडे आणि पाणी भरणाऱ्या बाईकडे असतील. त्यांना एका सतरंजीवर बसवणं तुम्हाला नक्की जमेल.