भागधारकांचे सामुदायिक दावे : एक अभ्यास

एका माणसाचे दहा लाख रुपये बुडाले, तर तो न्यायालयाची पायरी चढतो. परंतु लाखभर माणसांचे प्रत्येकी दहा हजार बुडाले, तर बहुधा कोणीच चढत नाही. कारण वकिलाचा खर्चच नुकसानीहून अधिक होतो. फसवणूक करणाऱ्याचे फावते ते येथेच. या अडचणीवर कायद्याने शोधलेला उपाय म्हणजे सामुदायिक दावा. 'गाव करी ते राव न करी' ही आपली म्हण त्याचे मर्म नेमके सांगते.

या दाव्याचे विकसित रूप अमेरिकेत आढळते. समान तक्रार असलेल्या सर्वांच्या वतीने एक-दोघे दावा मांडतात. १९९५ च्या कायद्यानुसार, सर्वांत मोठे नुकसान सोसलेल्या वादीस न्यायालय सामान्यतः प्रमुख वादी नेमते. दावा समूहाचा म्हणून चालविण्यास योग्य आहे, हे न्यायालयाला पटावे लागते. मग सर्वांना नोटीस जाते. ज्याला वेगळे राहायचे असेल त्याने तसे कळवावे. न कळविणारा आपोआप समूहात धरला जातो. तडजोड झाली तर ती न्याय्य आहे की नाही, हे न्यायालय तपासते आणि नंतर नुकसानीच्या प्रमाणात रकमेची वाटणी होते. वकिलाची फी सहसा याच रकमेतून मिळते. दावा फसला तर वकिलाचे श्रमही फुकट जातात.

आता आपल्या निकटचे उदाहरण पाहू. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्राद्वारे कबुली दिली, की ताळेबंदात दाखविलेल्या रोख व बँक शिलकीपैकी सुमारे ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. आदल्या दिवशी सुमारे १७९ रुपये असलेला भाग त्या दिवशी मुंबईच्या बाजारात ४० रुपयांच्या आसपास बंद झाला. समजा, एखाद्या निवृत्त शिक्षकाजवळ शंभर भाग होते. त्यांचे सुमारे चौदा हजार रुपये एका दिवसात नाहीसे झाले.

सत्यमच्या भागांवर आधारित रोखे न्यूयॉर्कच्या बाजारातही नोंदलेले होते. तेथील गुंतवणूकदारांनी सामुदायिक दावा लावला. २०११ साली तडजोड होऊन कंपनीने साडेबारा कोटी डॉलर, तर हिशेबतपासनीस प्राइस वॉटरहाऊसशी संबंधित संस्थांनी २ कोटी ५५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. मुंबईत भाग घेतलेल्या आपल्या शिक्षकांना मात्र हे दार बंद होते. अमेरिकेचा रोखे कायदा त्या देशातील व्यवहारांपुरताच आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दुसऱ्या एका खटल्यात ठरविले होते. इकडे गुंतवणूकदारांच्या एका संघटनेने राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे दाद मागितली. परंतु आयोगाने आणि २००९ मध्येच सर्वोच्च न्यायालयानेही ती स्वीकारली नाही. पुढे २०१५ मध्ये राजूंना सात वर्षांची शिक्षा झाली. पण शिक्षेने भागधारकाचा खिसा भरत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कंपनीने दिलेली भरपाई कंपनीच्याच तिजोरीतून जाते, आणि तिजोरीचे मालक भागधारकच असतात. म्हणजे ज्याला स्वतःला काही मिळाले नाही, त्या भारतीय भागधारकाने परदेशी भागधारकाच्या भरपाईचा भार अंशतः उचलला! म्हणूनच भरपाई कोणाकडून घ्यावयाची, हा प्रश्न ती मिळण्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

आपल्याकडील २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २४५ मध्ये या प्रश्नाचे उत्तर आहे. कंपनीबरोबरच संचालक, हिशेबतपासनीस व सल्लागार यांच्याकडूनही भरपाई मागता येते. हे कलम १ जून २०१६ पासून अमलात आले. २०१९ च्या नियमांनुसार किमान शंभर सभासद, किंवा एकूण सभासदांपैकी पाच टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढ्यांनी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो. बाजारात नोंदलेल्या कंपनीचे दोन टक्के भांडवल हाती असले तरीही चालते. बँकांना मात्र हे कलम लागू नाही.

कायदा झाला, तरी त्याचा वापर क्वचितच झाला आहे. भरपाईत वाटा घेऊन दावा चालविण्यास आपल्या वकिलांना मनाई आहे. तेव्हा आरंभीचा खर्च भागधारकांनाच सोसावा लागतो, आणि विखुरलेले शंभर जण एकत्र आणायचे कोणी, हा प्रश्न उरतोच. कलमाने दार उघडले आहे. पण त्यातून आत जाण्यासाठी माणसांनी संघटित झाले पाहिजे. अर्थशास्त्राच्या व राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाचा विचार अवश्य करावा. कारण उद्याचे भागधारक तेच आहेत.