तीनचाकीवर निघालेल्या भाचेबुवांस

भाचेबुवा,

गुडघे कुरकुरायला लागले तरी सायकल सोडायची नाही, हे ठरवलंत ते उत्तम केलंत. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि मधे आरामखुर्चीसारखी सीट, अशी तीनचाकी घेतलीत आणि पहिलाच बेत पिट्सबर्ग ते कंबरलँडचा केलात. ग्रेट ॲलेगेनी पॅसेज ही जुन्या रेल्वेमार्गांवर तयार केलेली वाट, लांबी 150 मैल. मोटारींना मज्जाव, खाली बहुतेक ठिकाणी चुनखडीची बारीक कच. आपल्या वयाला साजेशी जागा आहे. तरी निघण्याआधी मामाचं जरा ऐका. तीन चाकं तोल सांभाळतात, अक्कल आपली आपणच सांभाळायची असते. ‘ही कुठली पडतेय’ असं मनात आलं की घोटाळा झालाच म्हणून समजा.

सगळ्यात आधी पाय. या गाडीवर पाय पुढे लांब केलेले असतात. पॅडलवरून एखादा निसटून जमिनीला टेकला, तर गाडी पुढे जात राहते आणि पाय आडव्या दांडीखाली ओढला जातो. घोट्याचं, नडगीचं हाड मोडायला तेवढं पुरतं. म्हणून पॅडलमध्ये अडकणारे बूट घाला, नाहीतर टाचेला आधार देणारे पट्टे लावून घ्या. साध्या चपलांवर अंगणातसुद्धा फेरी मारू नका.

वळणाचं शास्त्र वेगळं आहे. दुचाकी वळताना आपणहून झुकते, ही झुकत नाही. वेगात वळलात तर आतलं चाक उचलतं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणावर अंग आतल्या बाजूला झोकायचं. ब्रेकही निराळे असतात. बहुतेक गाड्यांत डावा ब्रेक डाव्या चाकाला, उजवा उजव्या चाकाला. एकच दाबलात की गाडी त्या बाजूला ओढ घेते. दोन्ही सारखे दाबा, आणि एकदम करकचून नको, मागचं चाक उचलेल.

थांबण्याआधी गिअर हलका करायची सवय लावून घ्या. पॅडल फिरल्याशिवाय मागचा गिअर बदलत नाही, आणि चढावर जड गिअरमध्ये थांबलात तर या गाडीवर उभं राहून जोर लावता येत नाही. सगळा ताण गुडघ्यांवर, आणि सुट्या कचेवर मागचं चाक जागच्या जागी फिरणार ते वेगळंच. उतरताना आधी पार्किंग ब्रेक, मग पाय सोडवायचे, मग उठायचं. हा क्रम चुकवू नका.

आता पंक्चर. ट्यूब घेताना ‘वीस इंची द्या’ एवढंच सांगू नका. वीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकांत 406 आणि 451 असे दोन प्रकार आहेत आणि एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. टायरच्या कडेवर आकडा छापलेला असतो, तो घरीच लिहून ठेवा. पुढची चाकं एकाच बाजूने धरलेली असतात, त्यामुळे चाक न काढताही टायर उतरवून ट्यूब बदलता येते. घाई करू नका. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच गोल फिरवा. काटा, काच, तारेचा तुकडा तिथेच बसलेला असतो. तो न काढता ट्यूब घातलीत तर थोड्याच वेळात तेच काम पुन्हा. मग थोडी हवा भरा, ट्यूबला पीळ नाही ना बघा, टायरची कड अंगठ्यांनी बसवा आणि मगच पंप मारा. मागचं चाक मात्र काढावंच लागतं. सामान उतरवा, गाडी कुशीवर आडवी करा, चेन ज्या दातावर होती ते लक्षात ठेवा. चेन दुचाकीच्या जवळजवळ तिप्पट लांब असते, म्हणून तुटलीच तर जोडायला दोन सुट्या कड्या आणि चेन तोडायचं छोटं अवजार जवळ असू द्या.

वाटेचं थोडं सांगतो. पिट्सबर्गकडून चढ इतका सौम्य आहे की फारसा जाणवत नाही. माथा 2,392 फुटांवर. तिथून कंबरलँडपर्यंत सुमारे 24 मैल उतार. ब्रेक सतत दाबून धरू नका, अधूनमधून दाबा आणि सोडा. माथ्यानंतर लगेच बिग सॅव्हेज बोगदा लागतो. दिवे लावा, काळा चष्मा काढा, जाकीट घाला. हिवाळ्यात तो बंद असतो, म्हणून तारखा आधी बघा. गाडी बसकी आहे. उंच काठीवरचा झेंडा आणि आरसा यांशिवाय रस्ता ओलांडायचा नाही. रेलून बसल्यामुळे ऊन थेट तोंडावर येतं, तेव्हा टोपीला पुढची कड हवी. गवतात टेकलात तर संध्याकाळी पायांवर गोचीड आहे का बघा, त्या भागात गोचिडीमुळे लाइम रोग होतो.

आणि समजा गाडी कलंडलीच. लगेच उठायची धडपड नको. आधी मान, मनगटं, घोटे हलवून बघा. डोकं आपटलं असेल तर त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी. मग गाडी वाटेच्या कडेला घ्या, मागून येणाऱ्याला हाक द्या. सगळ्यात शेवटी गाडीचं काय मोडलं ते बघा. दरीतून जाताना काही ठिकाणी फोनला रेंज नसते. म्हणून जाता जाता मैलाचे दगड वाचत राहा. 911 लागला की पहिला प्रश्न ‘कुठे आहात’ हाच असतो, आणि तिथे झाडांचं वर्णन उपयोगी पडत नाही.

खिशात गूळ-शेंगदाणे ठेवा. रोज निघताना किती वाजता कुठे पोचणार ते घरी सांगा आणि पोचलात की कळवा. आणि एक शेवटचं: आधी घराजवळच्या मोकळ्या पार्किंगमध्ये ट्यूब एकदा स्वतःच्या हाताने बदलून बघा. ते जमलं की निघा, त्याआधी नको.

तुमचा मामा