प्रश्नांनी जोडलेला विज्ञान शिक्षकांचा समूह

खेड्यातील शाळेत विज्ञान शिकवणारा शिक्षक बहुधा एकटाच असतो. एखाद्या विद्यार्थ्याने अनपेक्षित प्रश्न विचारला, तर त्याची चर्चा करण्यास त्याच विषयाचा दुसरा जाणकार शाळेत नसतो. दुसरीकडे, प्रयोगशाळेतील संशोधकापर्यंत वर्गातले हे प्रश्न पोहोचतच नाहीत. आज मोबाइलमुळे हे दोघे क्षणात एकमेकांशी बोलू शकतात. तथापि शिक्षकांचे अनेक ऑनलाइन गट परिपत्रके व शुभेच्छा यांपलीकडे जात नाहीत, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. ज्ञानाची देवाणघेवाण करणारा समूह मग कशाने उभा राहतो? दोन उदाहरणांच्या आधारे याचा विचार करू.

पहिले उदाहरण इंटरनेटपूर्व काळातील आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, ‘किशोर भारती’ व रसुलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत प्रयोगाधारित विज्ञान शिक्षण सुरू केले. टाटा मूलभूत संशोधन संस्था, दिल्ली विद्यापीठ अशा ठिकाणचे शास्त्रज्ञ या कार्यात सहभागी झाले. प्रशिक्षणात शिक्षक स्वतः प्रयोग करीत आणि पुढे दरमहा एकत्र जमून वर्गातील अडचणी मांडीत. त्यांच्या अनुभवांच्या आधारे ‘बाल वैज्ञानिक’ ही पाठ्यपुस्तके सुधारली गेली. मुले ‘सवालीराम’ या काल्पनिक व्यक्तीला पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे मिळत. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला; २००२ मध्ये राज्य शासनाने तो थांबवला. जवळजवळ तीस वर्षे तो टिकला, याचे एक मोठे कारण म्हणजे शिक्षकाच्या शंकेला तेथे मान होता.

दुसरे उदाहरण ऑनलाइन जगातील आहे. २००७ मध्ये ‘गॅलेक्सी झू’ या उपक्रमाने लाखो दीर्घिकांची छायाचित्रे सर्वसामान्यांसाठी खुली केली आणि आकारानुसार त्यांचे वर्गीकरण करण्याचे आवाहन केले. त्यात सहभागी झालेल्या हॅनी व्हान आर्केल या नेदरलँड्समधील शिक्षिकेला एका दीर्घिकेजवळ अनोळखी डाग दिसला. हे काय आहे, असे तिने विचारले. संशोधकांनी प्रश्न गांभीर्याने घेतला आणि मोठ्या दुर्बिणींतून निरीक्षणे केली. तो प्रचंड वायुमेघ शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी निघालेल्या तीव्र प्रारणामुळे उजळलेला असल्याचे पुढे दिसून आले. आज तो त्या शिक्षिकेच्याच नावाने ओळखला जातो.

दोन्ही ठिकाणी साधने भिन्न होती. सूत्र मात्र एकच. शिक्षकाने निःसंकोच विचारावे, संशोधकाने जबाबदारीने उत्तर द्यावे आणि शिक्षकाच्या निरीक्षणाला ज्ञाननिर्मितीत स्थान मिळावे. जेथे शिक्षक केवळ श्रोता असतो, तेथे गट लवकरच मौन होतो.

असा समूह लहान कामातून सुरू करता येतो. नागपूर व कोल्हापूर येथील दोन शाळांनी एकाच दिवशी एक मीटर लांबीची काठी सपाट जमिनीवर उभी करून तिची सर्वांत आखूड सावली मोजावी. सावलीच्या लांबीवरून सूर्यकिरणांचा कोन काढता येतो. या कोनांत सुमारे साडेचार अंशांचा फरक येईल. दोन्ही शहरांमधील दक्षिणोत्तर अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. साडेचार अंश हा पूर्ण वर्तुळाचा ८० वा भाग असल्याने पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर येतो. एकाच शाळेच्या आवारात हे मापन शक्य नाही. उत्तरात चूक आली, तर ती कोठून आली हे शोधण्यास संशोधकाचे साहाय्य घ्यावे. खरे शिक्षण तेथेच घडते.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे शिक्षक झाले आणि जे संशोधनाकडे वळले, त्यांनी दहा-पंधरा जणांचा एक गट करावा. आठवड्याला वर्गातला एकच प्रश्न घ्यावा, उत्तराची जबाबदारी एकावर सोपवावी, ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याची सर्वांना मुभा असावी आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेटावे. पालकांनीही मुलांचे प्रश्न या गटापर्यंत पोहोचवावेत. दुर्गम गावातील एका शिक्षकाचा एकटेपणा दूर झाला, तर त्याच्या वर्गातील प्रत्येक मुलाच्या जिज्ञासेला आधार मिळेल.