भिंत खचली की गिलावा सुटतो

"वय झालं, आता गुडघे दुखायचेच," असे आपण म्हणतो आणि सोसत राहतो. पण गुडघ्यात बिघडते काय, ते आज आपण पाहू.

बकऱ्याच्या हाडाच्या टोकावर पांढरा, गुळगुळीत थर असतो. तसाच थर आपल्याही सांध्यात असतो. त्याला कूर्चा म्हणतात. गुडघ्यात ती बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटर जाड असते. तिच्यामुळे हाडावर हाड घासत नाही.

"गादी झिजली," असे लोक म्हणतात. ते खरे, पण अर्धेच. गिलाव्याला तडे गेले, तर शहाणा गवंडी आधी भिंत तपासतो. कूर्चा हा गिलावा आणि खालचे हाड ही भिंत.

हाड जिवंत असते. भार पडला की ते किंचित दबते आणि धक्का सोसते. वजन फार वाढले, वर्षानुवर्षे जड ओझी वाहिली, तर त्याला बारीक तडे जातात. शरीर ते बुजवते. बुजवता बुजवता हाड जाड आणि ताठ होते. मग ते पहिल्यासारखे दबत नाही. लुगडे दगडावर आपटून आपटून विरते ना? तशी ताठ हाडावरची कूर्चा विरते. अमेरिकेतल्या रॅडिन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७२ साली हा विचार मांडला. कुणाचे हाड आधी बिघडते, कुणाची कूर्चा आधी. पण एकाचा बिघाड दुसऱ्याला भोवतोच.

कूर्चेत मज्जातंतू नसतात. म्हणून ती झिजते तेव्हा तिला कळ येत नाही. कळ येते ती खालच्या हाडातून आणि सांध्याच्या अस्तरातून. तिच्यात रक्तही फिरत नाही. तिचे पोषण मुख्यतः सांध्यातल्या रसावर होते. आपण चालतो तेव्हा ती दबते, सुटते आणि रस आत शिरतो. म्हणून गुडघा दुखतो म्हणून अंथरूण धरू नये.

मग करावे काय?

वजन जास्त असेल तर उतरवावे. १ किलो उतरले, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो.

ओट्यावर बसून एक पाय सरळ करावा. पाच आकडे मोजावे, मग खाली घ्यावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा करावे. मांडीला बळ आले की गुडघ्याला आधार मिळतो.

मोठे ओझे एका खेपेऐवजी दोन खेपांत न्यावे.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज दुखण्याच्या गोळ्या खाऊ नयेत. त्यांनी पोट आणि मूत्रपिंड बिघडू शकते. गुडघा एकाएकी सुजला, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

झिजलेली कूर्चा पहिल्यासारखी भरून येत नाही. पण उरलेली राखणे आपल्या हाती आहे.

सांगा पाहू :
१. हाड ताठ झाले की कूर्चेचे काय होते?
२. तुमच्या घरात जड ओझे कोण वाहते? ते हलके कसे कराल?