खोलीचा तापमापक : स्वस्त, देखणा आणि खरा

'खोलीचे तापमान किती?' हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. भिंतीवरचा तापमापक २९ अंश दाखवितो, तेव्हा तो खोलीचे तापमान सांगतो असे आपण धरून चालतो. वस्तुतः कोणताही तापमापक फक्त स्वतःचे तापमान सांगतो. ते आणि खोलीतील हवेचे तापमान एक असावे, याची व्यवस्था आपण करावयाची असते. या एका वाक्याकडे दुर्लक्ष झाले, की चांगल्यातला चांगला संवेदक आणूनही उत्तर चुकते.

हा विषय येथे घेण्यास निमित्त आहे. घरातील दिवे, पंखे आणि वातानुकूलक एका छोट्या संगणकाच्या ताब्यात देण्याचे प्रकल्प आता पदवीचे विद्यार्थी हौसेने करतात. त्यात दर खोलीस एक तापमापक लागतो. तो स्वस्त हवा, कारण खोल्या चार-पाच असतात. तो देखणाही हवा, कारण प्रकल्प प्रयोगशाळेतून घरी गेला की लोंबत्या तारा आणि उघडे सर्किट बैठकीच्या खोलीत कोणी आठ दिवसही राहू देत नाही. स्वस्तपणा आज सहज साधतो. देखणेपणासाठी मात्र आपण जे करतो, नेमके तेच मापनाच्या मुळावर येते.

प्रश्न तसा जुना आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. हिवाळ्यात तेथील शिपाई वर्गावर्गांत येऊन तापमान पाही आणि मग तळघरात जाऊन उष्ण हवेची झाकणे कमीजास्त करी. शिकविण्यात येणारा हा व्यत्यय टाळण्यासाठी जॉन्सन यांनी वर्गातील तापमानाची वर्दी तळघरात देणारे विद्युत् उपकरण तयार केले व १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. खोलीत संवेदक, दूर कोठेतरी निर्णय, मधे तार : आपल्या प्रकल्पाचा आराखडा तेव्हाच तयार झाला होता असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९५३ मध्ये हनीवेल कंपनीने हेन्री ड्रेफस या संकल्पनकाराकडून गोल तापनियंत्रक बाजारात आणला. चौकोनी नियंत्रक भिंतीवर जरा तिरका बसला तरी डोळ्यांत खुपतो, गोलाला ती अडचण नाही. त्याचे झाकण काढून भिंतीच्या रंगात रंगविताही येई. आत द्विधातूची गुंडाळी आणि पाऱ्याची कळ होती, पण घराघरांत तो शिरला तो दिसण्यामुळे. तेव्हा देखणेपणाची मागणी ही घरातल्या मंडळींची लहर समजून झिडकारू नये.

आता संवेदकांकडे वळू. सर्वांत स्वस्त तो थर्मिस्टर. तापमान वाढले की याचा रोध कमी होतो. रोधाचे असे उलटे वर्तन फॅरडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिले होते. २५ अंशांस १० किलोओहम रोधाचा नेहमीचा थर्मिस्टर दर अंशास सुमारे ४ टक्के बदलतो. मात्र हा बदल सरळ रेषेत नसतो, म्हणून गणित करावे लागते. डीएस १८बी२० हा तीन पायांचा संवेदक अंकांतच उत्तर देतो. उणे १० ते ८५ अंशांत त्याची चूक अर्ध्या अंशाच्या आत असल्याची निर्मात्याची ग्वाही आहे. प्रत्येकाचा स्वतंत्र क्रमांक असल्याने एकाच तारेवर अनेक जोडता येतात. याच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत आणि ही ग्वाही अर्थातच त्यांना लागू नाही. आर्द्रताही हवी असल्यास डीएचटी ११ आणि डीएचटी २२ हे दोघे भाऊ आहेत. धाकट्याची चूक दोन अंशांपर्यंत जाऊ शकते, थोरल्याची सुमारे अर्धा अंश. माझ्या मते डीएचटी ११ शिकण्यापुरता ठीक, घराला नको. थोडे जास्त पैसे पडले तरी चालत असतील, तर एसएचटी ३१ हा यांपेक्षा पुष्कळ भरवशाचा.

खोलीतून निरोप पाठविण्यास ईएसपी ८२६६ ही वायफायची चीप विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. संवेदक, हा बोर्ड आणि मोबाइलचा जुना चार्जर मिळून खर्च पाचशे रुपयांच्या आसपास राहतो. येथपर्यंत सारे सुरळीत चालते. मग विद्यार्थी हे सर्व एका छोट्या सुबक प्लॅस्टिकच्या डबीत बसवून झाकण लावतो, आणि तापमान दोन-तीन अंशांनी वाढते!

असे का होते, हे बारावीच्या भौतिकशास्त्राने काढता येईल. वायफाय चालू असताना ही चीप सरासरी ७० मिलिअँपिअर प्रवाह घेते. ३.३ व्होल्टने गुणल्यास सुमारे ०.२३ वॅट होतात. यातील जवळजवळ सर्व शक्तीची डबीतच उष्णता होते. डबी ५ सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड धरा. तिचे एकूण पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.०१ चौरस मीटर. संथ हवेत अशा वस्तूकडून अभिसरण व प्रारण मिळून दर चौरस मीटरला, दर अंश फरकास, अंदाजे १० वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे आपली डबी एका अंशाच्या फरकास ०.१ वॅट टाकू शकते. ०.२३ वॅट बाहेर टाकण्यासाठी तिला हवेपेक्षा २.३ अंश अधिक तापलेच पाहिजे. संवेदक खोटे बोलत नाही. तो डबीचे तापमान प्रामाणिकपणे सांगत असतो.

दोन अंशांचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. भारतात १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती वातानुकूलक सुरू होताना २४ अंशांवरच लावलेले असावेत असा नियम आहे, आणि तापमान एका अंशाने वर ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. त्या हिशेबाने डबीतल्या दोन अंशांची किंमत विजेच्या बिलात १२ टक्क्यांच्या घरात जाते. शिवाय खोलीत तान्हे मूल असेल, तर २४ समजून आपण त्याला २२ अंशांत निजवितो.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला, चिपेला झोपविणे. दर पाच मिनिटांनी ती जागी व्हावी, पाच सेकंदांत निरोप देऊन पुन्हा निजावी. मग सरासरी शक्ती ०.२३ च्या साठाव्या भागावर येते आणि डबीचे तापणे ०.०४ अंशांवर. खोलीचे तापमान पाच मिनिटांत फारसे बदलत नाही, तेव्हा दर सेकंदाला मोजण्याचा अट्टाहास व्यर्थ आहे. अशा रीतीने २५०० मिलिअँपिअर-तासांचा एक सेल हिशेबाने तीन महिन्यांच्या जवळपास पुरतो. प्रत्यक्षात बोर्डावरचा सदा जळणारा लाल दिवा यातला मोठा वाटा खातो, तो काढून टाकावा. झिगबी पद्धतीचे तयार तापमापक याहून काटकसरी असतात. बटनासारख्या सीआर २०३२ सेलवर ते वर्षभर चालू शकतात, म्हणून ते लहान आणि सुबकही करता येतात. दुसरा उपाय, संवेदकाला चिपेपासून दूर ठेवणे : चीप वर आणि संवेदक खाली, मधे बोटभर अंतर. उष्ण हवा वर जाते एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

आता घर कसले द्यावे? १८६४ मध्ये थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने (कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे हे वडील) वेधशाळेच्या तापमापकासाठी पांढरी, झडपांची लाकडी पेटी योजली. हवा आरपार खेळावी पण ऊन थेट लागू नये, हे तिचे तत्त्व. आपल्या डबीलाही तेच लावावे : रंग फिका, खाली आणि वर भोके, पाठ भिंतीपासून थोडी सुटी. पितळी करंडा किंवा तांब्याची डबी शोभून दिसेल, पण धातूच्या बंद डबीतून रेडिओलहरी बाहेर पडत नाहीत. निरोप आतच राहील. खानापूरच्या कुंभारकामाची आवड असलेल्यांना भाजल्या मातीचे घर सुचेल. ते सुंदर दिसते, पण जाड माती सावकाश तापते व सावकाश निवते, आणि पावसाळ्यात ओल धरून बाष्पीभवनाने थंडही पडते. माठातले पाणी गार होते तेच येथे होते. माझी पसंती बुरडाच्या कामाला. वीतभरसुद्धा नसलेली बांबूची विणलेली टोपली भिंतीवर उपडी टांगली, तर हवा खेळते, लहरी अडत नाहीत, वजन नाही, किंमत किरकोळ, आणि पाहुण्याला ती शोभेची वस्तूच वाटते. तीत सेलवर चालणारे सर्किटच ठेवावे; चार्जर टोपलीत नको.

जागेविषयी थोडक्यात. जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंची असावी. पश्चिमेची बाहेरची भिंत टाळावी, कारण दुपारनंतर ती तापलेली असते. दूरदर्शन संच, शीतकपाटाची पाठ, पंख्याचा जुना तापणारा रेग्युलेटर यांचा शेजार नको. भिंतीतील तारांच्या नळीचे तोंड डबीच्या मागे येत असेल तर ते कापसाने बुजवावे. त्या नळीतून वेगळ्याच खोलीची हवा येते. स्विचबोर्डाच्या रिकाम्या खणात संवेदक बसविण्याची कल्पना दिसण्यास फार नीटस, पण तेथे तो निम्मा भिंतीचाच संवेदक होतो.

खोल्यांत वाटण्यापूर्वी सर्व तापमापक एकाच टेबलावर, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात, एक दिवस शेजारी शेजारी ठेवावेत. त्यांच्यातील फरक लिहून काढून संगणकात वजा करावेत. दोन खोल्यांची तुलना करणे हाच बहुधा हेतू असतो आणि त्याला परस्परांतील मेळ पुरतो. खरे मूल्य हवे असल्यास पोलादी नळीतील डीएस १८बी२० चुरलेल्या बर्फात व थोड्या पाण्यात बुडवावा. ढवळत राहिल्यास तो शून्यावर यावा. उकळत्या पाण्यावर विसंबू नये. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, त्यामुळे येथे पाणी १०० नव्हे तर ९७.५ अंशांच्या आसपास उकळते. आर्द्रता मोजणारे संवेदक मात्र पाण्यात मुळीच बुडवू नयेत.

निरोप गोळा करण्यास जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय पुरतो. २०१३ मध्ये सुरू झालेली होम असिस्टंट ही मुक्त प्रणाली त्यावर चालते, आणि निरोपांची देवाणघेवाण बहुधा एमक्यूटीटी या पद्धतीने होते. ही पद्धत १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी निघाली. येथे दोनच सूचना. एक, पंखा २९ अंशांस सुरू होत असेल तर तो २८ ला बंद व्हावा; दोन्ही आकडे एकच ठेवले तर तो क्षणाक्षणाला उघडझाप करील. दुसरी अधिक महत्त्वाची. सेल संपला तर संगणकाजवळ शेवटचा आकडा तसाच राहतो आणि यंत्रणा त्यालाच खरा मानून बसते. अर्धा तास निरोप आला नाही, तर तो तापमापक मेला असे धरून ताबा माणसाच्या हाती देण्याची आज्ञा लिहिलीच पाहिजे. तसेच डीएस १८बी२० चा नुसता ८५ हा आकडा आला तर घाबरू नये. वीज मिळाल्यावर मोजण्यापूर्वी तो तेवढाच आकडा सांगतो. असे आकडे गाळावेत.

शेवटी एक प्रसंग हवेच्या तापमानाने उलगडत नाही. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरील खोलीत वृद्ध माणसे एप्रिल-मेमध्ये रात्री तळमळतात, आणि तापमापक खालच्या खोलीपेक्षा जेमतेम एखादा अंश जास्त दाखवितो. मुले म्हणतात, आजींना उगाच वाटते. आजींचे बरोबर असते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री प्रारणाने अंगावर उष्णता टाकीत असतो, आणि बांबूच्या टोपलीतला संवेदक त्या प्रारणापासून आपणच आडोशाला ठेवलेला असतो. यासाठी टेबल टेनिसचा एक चेंडू काळा रंगवून, त्याला भोक पाडून मधोमध दुसरा संवेदक बसवावा व तो पलंगाच्या उंचीवर, पंख्याच्या झोतापासून दूर, मोकळा टांगावा. रात्री दहा वाजता दोन्ही आकडे पाहावेत. चेंडू हवेपेक्षा दोन-तीन अंश वर असेल, तर त्या खोलीत आधी गच्चीवर चुन्याचे दोन जाड हात द्यावेत आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पुन्हा आकडे घ्यावेत.