मोफत संकेतस्थळे आणि शेतकरी : माहिती कशी वाचावी

खरिपाची पेरणी तोंडावर आली म्हणजे शेतकऱ्यास एकाच वेळी तीन गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात. पाऊस केव्हा व किती येणार, घरात शिल्लक राहिलेला माल कोणत्या बाजारात न्यावा, आणि पीककर्जासाठी लागणारा सातबारा बिनचूक आहे किंवा नाही. या तिन्ही गोष्टींची माहिती सरकारी संकेतस्थळांवर मोफत उपलब्ध आहे व ती साध्या स्मार्टफोनवर पाहता येते. असे असूनही पुष्कळ शेतकरी तिच्यासाठी तालुक्याच्या गावी पैसे मोजतात, किंवा कोणीतरी पुढे पाठविलेल्या संदेशावर विसंबून राहतात. माहिती मिळविणे आता कठीण राहिलेले नाही. पडद्यावर दिसणारा आकडा कोणी नोंदविला, तो कोणत्या प्रदेशाचा आहे व कोणत्या तारखेचा आहे, हे पाहूनच तो वाचण्याची सवय मात्र अद्याप लागावयाची आहे.

प्रथम हवामानाचा विचार करू. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे संकेतस्थळ आणि 2019 साली सुरू झालेले ‘मेघदूत’ हे अॅप यांवर जिल्ह्याचा पुढील पाच दिवसांचा अंदाज मिळतो. त्याबरोबरच कृषि विद्यापीठांतील तज्ज्ञांनी तयार केलेला पीकसल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. परभणी, राहुरी, अकोला व दापोली या चारही विद्यापीठांचे सल्ले मराठीत असतात. त्यांतील शब्द मात्र पारिभाषिक आहेत, हे ध्यानात ठेवावे. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ थोडासा पाऊस असा नव्हे. त्या विभागातील एकूण केंद्रांपैकी फार तर चतुर्थांश केंद्रांवर पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. तो जेथे पडेल तेथे मुसळधारही पडू शकेल आणि शेजारचे शिवार कोरडे राहील. पावसाचे प्रमाणही असेच ठरलेले आहे. चोवीस तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर पाऊस झाल्यास तो हलका, 15.6 ते 64.4 पर्यंत मध्यम आणि 64.5 ते 115.5 पर्यंत जोरदार समजला जातो. ‘हलक्या सरी, तुरळक ठिकाणी’ असा अंदाज वाचून जो शेतकरी कोरड्या रानात सोयाबीनचे महागडे बियाणे टाकतो, त्याने अंदाज वाचला खरा. परंतु त्याचा अर्थ घेतला नाही.

पेरणीपूर्वी जमिनीत 75 ते 100 मिलिमीटर पाऊस मुरावा, अशी शिफारस आहे. हा पाऊस जिल्ह्याच्या सरासरीचा नव्हे, आपल्या शेतातला असावा लागतो. कृषि विभागाच्या ‘महारेन’ या संकेतस्थळावर महसूल मंडळाप्रमाणे पावसाची नोंद पाहावयास मिळते व ती जिल्ह्याच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. परंतु एका मंडळातही अनेक गावे येतात. म्हणून सरळ उभ्या कडांचा, तळाला सपाट असलेला एखादा डबा झाडाझुडपांपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावा. दररोज सकाळी ठराविक वेळी त्यातील पाण्याची खोली पट्टीने मोजून वहीत लिहावी व डबा रिकामा करावा. एक सेंटिमीटर खोली म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. संकेतस्थळावरील आकडा आणि घरची ही वही शेजारी ठेवली, म्हणजे निर्णय बराचसा निर्धोक होतो.

विजेचा धोका दर्शविणारे ‘दामिनी’ हे अॅप पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. सभोवारच्या 20 ते 40 किलोमीटर टापूत वीज पडत असल्यास ते सूचना देते. वळवाच्या दिवसांत रानात काम करणाऱ्या प्रत्येक कुटुंबातील निदान एका मोबाईलवर ते असणे इष्ट होय.

बाजारभावाची माहिती केंद्र सरकारच्या ‘अॅगमार्कनेट’वर व महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाच्या संकेतस्थळावर दररोज दिली जाते. मंडळाच्या तक्त्यात शेतमालाची जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. शेतकऱ्याची दृष्टी सहजच जास्तीत जास्त दरावर खिळते. तो दर कदाचित एखाद्याच उत्तम ढिगाला मिळालेला असतो. व्यवहाराचा हिशेब सर्वसाधारण दरावर करावा, कारण बराचसा माल त्याच दराच्या आसपास विकला गेलेला असतो. परिमाणाचा रकानाही दृष्टीआड करू नये. कोथिंबीर, मेथी यांसारख्या पालेभाज्यांपुढे पुष्कळदा क्विंटलऐवजी ‘नग’ लिहिलेले असते. आवक अगदी थोडी असेल, तर त्या दिवसाचा दर बाजाराची खरी स्थिती दाखवितो असे समजू नये.

एक उदाहरण घेऊ. जवळच्या बाजारात सोयाबीनचा सर्वसाधारण दर 4,300 रुपये व दूरच्या बाजारात 4,450 रुपये आहे. क्विंटलमागे वाहतूक व हमाली अनुक्रमे 60 व 180 रुपये पडते, असे धरले तर हाती 4,240 आणि 4,270 रुपये राहतात. दीडशे रुपयांचा दिसणारा फरक अशा रीतीने तीस रुपयांवर येतो. वीस क्विंटलांमागे 600 रुपयांसाठी एक दिवस मोडावा किंवा नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. ओलाव्याचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. 16 टक्के ओलावा असलेले एक क्विंटल सोयाबीन 12 टक्क्यांपर्यंत वाळविले तर सुमारे साडेपंचाण्णव किलो भरते. म्हणजे ओल्या मालाला 4,000 रुपये मिळत असतील, तर वाळलेल्या मालाचा दर 4,190 रुपयांच्या वर असेल व वाळविण्याची मजुरीही त्यातून निघेल, तेव्हाच वाळविणे फायद्याचे. ‘ओल्या मालाला काय भाव’ या एका प्रश्नापाशी जे अडतात, त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

जमिनीच्या नोंदींच्या बाबतीत मात्र चूक झाल्यास ती एका हंगामात भरून निघत नाही. ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर सातबारा मोफत पाहता येतो. हा उतारा केवळ माहितीसाठी असतो. कामकाजासाठी लागणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 15 रुपये शुल्क भरून घरबसल्या मिळतो. त्याहून अधिक रक्कम कोणी मागत असेल, तर ती त्याच्या श्रमाची आहे, सरकारची नव्हे. ऑगस्ट 2021 पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः ‘ई-पीक पाहणी’ अॅपमधून करावयाची आहे. ती मुदतीत न केल्यास गाव नमुना बारामधील रकाना कोरा राहतो आणि हमीभावाने विक्री, कर्ज व नुकसानभरपाई या तिन्ही वेळी अडचण उभी राहते.

‘आपली चावडी’ हे पान मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे. जिल्हा, तालुका व गाव निवडले की त्या गावात चालू असलेल्या फेरफारांची सूचना, गट क्रमांक आणि हरकत घेण्याची शेवटची तारीख त्यावर दिसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 अन्वये हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. पूर्वी ही सूचना चावडीच्या भिंतीवर लागे आणि गावाबाहेर राहणाऱ्या वारसाला तिचा पत्ताही लागत नसे. वडिलांच्या मृत्यूनंतर भावांच्याच नावे वारसनोंद होऊ घातली असेल, तर सासरी किंवा मुंबईस राहणारी बहीण आता ती सूचना स्वतः पाहू शकते. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला आहे. पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतल्यास तिची सुनावणी गावपातळीजवळच होते. नोंद एकदा प्रमाणित झाली म्हणजे प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, वकील, तारखा असा लांबचा फेरा पडतो. कुटुंबात मृत्यू, वाटणी किंवा खरेदीविक्री घडली असेल, तर पुढील काही महिने आठवड्यातून एकदा तरी हे पान उघडावे.

या सेवांच्या नावाने फसवणूकही होते. ‘पीएम किसान’चा हप्ता अडला आहे असे सांगून व्हॉट्सअॅपवर ‘एपीके’ नावाची फाईल पाठविली जाते. ती उघडताच मोबाईलचा ताबा दुसऱ्याच्या हाती जाऊन बँकेतील रक्कम नाहीशी होण्याचा संभव असतो. कोणतेही सरकारी अॅप संदेशातून आलेल्या फाईलवरून घेऊ नये. प्ले स्टोअरवरून, प्रकाशकाचे नाव वाचून घ्यावे. ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नये, मग विचारणारा स्वतःस अधिकारी म्हणवीत असला तरीही.

ज्यांच्याजवळ स्मार्टफोन नाही, त्यांना 1800-180-1551 या किसान कॉल सेंटरच्या निःशुल्क क्रमांकावर सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत मराठीतून विचारणा करता येते. फोन करण्यापूर्वी पिकाचा वाण, पेरणीची तारीख आणि आधी केलेल्या फवारण्या कागदावर लिहून जवळ ठेवाव्यात. समोरची व्यक्ती प्रथम तेच विचारते.